श्वासाची जागा

त्या भागातले सायकलवाले तिला भोंगाताई म्हणायचे, आणि तिच्याइतकी कमी बोलणारी बाई शोधून सापडली नसती. दुकानात कुणी वाकडं चाक घेऊन आलं की ती ते हातात धरून गरगर फिरवायची, डोळे बारीक करून बघायची आणि ‘उद्या या’ म्हणायची. संपलं संभाषण. भोंगा होता तो तिच्या सायकलवर. पुढे दोन चाकं, त्यांच्यावर लाकडी खोका, मागे एकच चाक, अशी ती सामान वाहायची सायकल. खोक्यात एक मोठा स्पीकर आणि त्याची बॅटरी, दोन्ही जुन्या ब्लँकेटमध्ये बाळासारखे गुंडाळलेले. दर रविवारी उजाडायच्या सुमारास ती सायकल नदीकाठच्या बांधावर यायची आणि तिच्या मागे बाकीच्या यायच्या. पार्सलं पोहोचवणारे, एक सुतार, शाळेतल्या दोन शिक्षिका, आणि आठवडाभर खुर्चीत बसून पाठ धरलेले काही हापिसवाले.

थंडीच्या दिवसांत नदीवर धुकं इतकं दाट असायचं की पुढचा माणूस दिसायचाच नाही. त्याचा मागचा लाल दिवा तेवढा दिसायचा, तोही पाण्यात पडल्यासारखा हलत. त्या धुक्यातून गाणं पुढे जायचं आणि माणसं त्याच्या मागून. कुणी काही बोलायचं नाही. आपण पेडल मारतोय की कुणी आपल्याला अलगद ओढून नेतंय, हे कळेनासं व्हायचं. भोंगाताईला त्या वेळी आपलं वय, आपलं दुकान, दुखरं मनगट, काही म्हणजे काही आठवायचं नाही.

दुकान मामांचं. शाळा संपल्यावर, तात्पुरतं म्हणून, ती तिथे येऊन बसली आणि मग उठलीच नाही. मामांनी तिला चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकवलं. तारा आवळायच्या, सैल करायच्या, आणि नखाने एकेक तार छेडून बघायची. नीट ताणलेल्या तारा एका सुरात वाजतात. एखादी सैल असली की ती लगेच बेसूर बोलते. भोंगाताईला त्याचा नाद लागला. मग तिने मामांच्या जुन्या रेकॉर्डरवर ते आवाज धरून ठेवायला सुरुवात केली. तारांचा टणत्कार, पंपाचा सुस्कारा, साखळीची कुरकुर, आणि पेडल थांबवलं की मागच्या चाकातून येणारी ती टिकटिक. हे सगळं एकामागून एक जोडून ती वाजवायची तेव्हा मामा म्हणायचे, दुकानाला भुताने झपाटलं वाटतं गं.

धाकटा भाऊ शाळेतून सुटला की तिथेच येऊन पडायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. ताईच्या ठेक्यावर तो बडबडायला लागला आणि बडबडीला यमकं फुटली. थोडा मोठा झाल्यावर तो सायकलवरून पार्सलं पोहोचवायला लागला आणि मग त्याच्याकडे सांगायला गोष्टीही आल्या. बंद पडलेल्या लिफ्टच्या, मागे लागणाऱ्या कुत्र्यांच्या, दार अर्धवट उघडून पार्सल ओढून घेणाऱ्या हातांच्या. रस्त्यात चढावर सुचलेलं तो दुकानात येऊन धापा टाकत म्हणायचा आणि ताई ते तसंच, धापेसकट रेकॉर्ड करायची.

‘चढ म्हणतो थांब, घाम म्हणतो चल,
खिशामध्ये पत्ता आणि पायामध्ये बळ.’

ही गाणी कुठल्या दुकानात मिळत नव्हती की रेडिओवर लागत नव्हती. या फोनवरून त्या फोनवर जायची, सिग्नलला थांबल्या थांबल्या. पार्सलवाल्यांना ती जीव की प्राण होती, कारण त्यांच्या पायांच्या मापाची होती. ते अभिमानाने म्हणायचे, हे अंडरग्राउंड आहे. मामांनी एकदा गंभीरपणे विचारलं होतं, आपल्याला तळघर कुठे आहे?

मग एका कंपनीने भावाला बोलावून घेतलं. त्याने ताईलाही चल म्हटलं होतं, पण तिला दुकान सोडवेना. खरं म्हणजे तिला तिथली रेकॉर्डिंगची खोली आवडली नाही. चारही भिंतींना फोम लावलेला, बाहेरचा एक आवाज आत येत नव्हता. तिथे बसल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं, असं तिने घरी आल्यावर आईला सांगितलं. भाऊ एकटा गेला. वर्षा-दीड वर्षात त्याचं गाणं सलूनमध्ये, जिममध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे वाजायला लागलं. सगळ्यांत गाजलं ते एका मोटरसायकलच्या जाहिरातीतलं. त्यात तो गॉगल लावून उभा होता आणि मागून इंजिनाचा आवाज ठेक्यात गुरगुरत होता.

सायकलवाल्यांच्या मनाला ते लागलं. आपला माणूस मोटरसायकलचं गाणं गातो म्हणजे काय? त्यातही दाढीचं झालं ते वाईट झालं. दाढी म्हणजे त्यांच्यातला सगळ्यांत जुना पार्सलवाला, भावाला रस्ते दाखवणारा. एका वळणावर तेच गाणं मोठ्याने लावलेली मोटरसायकल त्याला घासून गेली आणि तो गटारात पडला. खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात अडकवून तो बांधावर आला तेव्हा एवढंच म्हणाला की ते गाणं इथे वाजणार नाही. कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण स्पीकरची वायर ताईच्याच हातात असायची, त्यामुळे ती बंदी पाळली तिनेच. भावाशी ती दर आठवड्याला फोनवर बोलायची. आईचे गुडघे, मामांचं पथ्य, हवा. गाण्याचं कुणीच काढायचं नाही.

अशात एका रविवारी एक नर्स आली. पन्नाशीच्या पुढची, अंगावर ड्यूटीचेच कपडे, वरून स्वेटर, आणि सायकल अशी घट्ट धरलेली की जणू ती सुटून पळून जाईल. बांध संपला की पुलाचा चढ लागतो. तिथे सगळे थांबले होते. नर्स ताईजवळ आली आणि तिने अगदी सहज तेच मोटरसायकलचं गाणं लावाल का, असं विचारलं.

दाढी म्हणाला, बाई, इथे फक्त अंडरग्राउंड वाजतं.

नर्सला त्यातलं काही कळलं नसावं. ती म्हणाली, “माझी रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते. म्हणून या वयात सायकल शिकले. पडायचे, उठायचे. कानात हेच गाणं असायचं. दुसरं मला माहीतच नव्हतं.”

भोंगाताईने दाढीकडे पाहिलं, नर्सच्या हातावरच्या खरचटल्याच्या खुणा पाहिल्या, आणि गाणं लावलं.

दाढी पुढे निघून गेला. दोघंतिघं त्याच्या मागे गेले. बाकीचे चढायला लागले आणि चढावर सगळ्यांची फजिती झाली. गाणं थांबायलाच तयार नव्हतं. त्याचा ठेका पकडायला जावं तर पाय पिसाळल्यासारखे फिरायचे आणि ऊर फुटायची वेळ यायची. शिक्षिका हसत हसत उतरल्या आणि सायकल ढकलायला लागल्या. एकटी नर्स मात्र आपल्या मंद चालीने, गाण्याकडे लक्ष देत देत, शांतपणे वर गेली. तिला सवय होती.

ताईने ते गाणं आजवर येता-जाता तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं. पूर्ण ऐकलं ते आज, आणि तेही जड सायकल ओढताना. अर्ध्या चढावर तिच्या काहीतरी लक्षात आलं. पुलावर पोहोचल्यावर ती खोक्याच्या कडेवर टेकली. खाली नदी नव्हतीच, नुसतं पांढरं होतं. तिने भावाला फोन लावला.

“तू श्वास कुठे घेतोस?”

तो झोपेत होता. “काय?”

“गाण्यात. आत्ता चढावर ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठे श्वासच नाही.”

तिकडे पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “घेतो गं. ते नंतर कापतात. एकेक श्वास शोधून काढून टाकतात. गाणं स्वच्छ होतं म्हणे.”

“मग स्टेजवर काय करतोस?”

“मागे रेकॉर्ड लावतात. मी नुसते ओठ हलवतो.” त्याचा आवाज लहानपणी ताप यायचा तेव्हासारखा झाला. “मला ते पूर्ण म्हणताच येत नाही, ताई. माझंच गाणं आहे आणि मला म्हणता येत नाही.”

“रविवारी ये,” ती म्हणाली.

तो त्या रविवारी आला नाही, पुढच्याही नाही. आला तेव्हा थंडी उतरणीला लागली होती. बसने आला, मफलर नाकापर्यंत ओढलेला. ताईने त्याच्यासाठी मामांची जुनी सायकल तेल घालून तयार ठेवली होती. बांधावरच्या लोकांनी त्याला ओळखलं, पण कुणी पुढे झालं नाही. दाढीनेच तोंड उघडलं. थंडीत माझा खांदा अजून दुखतो, असं तो म्हणाला. भावाचा चेहरा उतरला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला माहीत नव्हतं, एवढंच तो म्हणू शकला. यावर दाढी म्हणाला, तुला कसं माहीत असणार, तू जाहिरातीत होतास. पण म्हणताना त्याने वाकून भावाच्या सायकलची सीट दाबून पाहिली आणि ती थोडी खाली करून दिली.

त्या दिवशी ताईने स्पीकर लावलाच नाही. सगळे नुसते निघाले. धुक्यात कडेची झाडं उगवायची आणि विरघळायची. बांधाला जिथे हलका उतार लागतो तिथे तिने पेडल मारायचं थांबवलं. तिच्या मागच्या चाकातून टिकटिक सुरू झाली. मागच्याने थांबवलं, त्याच्या मागच्याने थांबवलं. बघता बघता सगळ्या चाकांची टिकटिक एकात एक मिसळली. बारीक, दाट, रानात किडे बोलतात तशी. माणूस कुणीच दिसत नव्हता. दिवे तेवढे तरंगत होते.

भावाने गायला सुरुवात केली. जुनं गाणं, चढाचं आणि घामाचं. पहिली ओळ आली, मग श्वास, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू येईल असा. मग दुसरी ओळ. त्याची सवय मोडली होती. पुढचा चढ लागला तसा तो धापा टाकायला लागला, शब्द तुटायला लागले, आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तो थांबलाच. नुसतीच धाप ऐकू येत राहिली. तेव्हा पुढून, धुक्यातून, दाढीच्या घोगऱ्या आवाजात पुढची ओळ आली. मग आणखी कुणीतरी धरली. भाऊ गप्प पेडल मारत राहिला आणि त्याचं गाणं त्याच्या पुढेमागे चालत राहिलं. ताई शेजारीच होती. तो रडतोय हे तिला कळलं होतं. तिने तिकडे पाहिलं नाही.

नर्सला त्यातला एकही शब्द येत नव्हता. नंतर ताईजवळ ती म्हणाली की वॉर्डात पहाटे सगळे पेशंट एकदम गाढ झोपतात, तेव्हा त्यांच्या श्वासांचा असाच आवाज येतो. तो ऐकला की रात्र पार पडली असं वाटतं.

भाऊ परत गेला, कारण करारमदार झालेले होते आणि त्याला ते मोठे हॉल, ते दिवे आवडायचेही. ते त्याने ताईपासून लपवलं नाही. पण पुढच्या रेकॉर्डमधलं एक गाणं त्याने हट्टाने दुकानाच्या मागच्या खोलीत केलं, ताईच्या ठेक्यावर, एकही श्वास न कापता. कंपनीने ते सगळ्यांत शेवटी टाकलं. फारसं कुणी ऐकलं नाही. सायकलवाल्यांत मात्र त्यावरून महिनाभर वाद चालला. हे आता अंडरग्राउंड धरायचं की मेनस्ट्रीम? दाढीचं म्हणणं पडलं की कंपनीचा शिक्का आहे म्हणजे बाटलंच. सुतार म्हणाला, शिक्का खोक्यावर असतो, आत काय आहे ते बघा. वाद मिटला नाही, पण रविवारी ते गाणं वाजायला लागलं. मोटरसायकलवालंही वाजायचं, नर्सने मागितलं की. ते लागलं की दाढी खांदा चोळत पुढे निघून जायचा आणि संपलं की पुन्हा येऊन मिळायचा.

भाऊ आता अधूनमधून न सांगता येतो. एकदा दुपारी असाच आला आणि बोलता बोलता टायरच्या गठ्ठ्यावर झोपून गेला, तोंड उघडं टाकून. एक गिऱ्हाईक वाकडं चाक घेऊन आलं होतं. ते त्याच्याकडे बघतच राहिलं. फोन काढत त्याने विचारलं, हा तोच ना, तो गाणारा?

“माझा भाऊ आहे,” भोंगाताई म्हणाली. “हळू बोला.”

आणि ते चाक गिऱ्हाइकाच्या हातातून घेऊन ती बाहेर उन्हात जाऊन बसली.