आमच्या क्लस्टरची माणसं

सर्व्हर रूममध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी पुन्हा जमतात: धूळ आणि किस्से. धुळीचं मी बघतो, किस्से तुम्ही ऐका.

आमचं कॉलेज सेलूजवळ. तिथं बऱ्याच मशिनी एकत्र जोडून लिनक्सचा क्लस्टर केलाय. एकेका मशीनला नोड म्हणायचं. गणितं सगळ्यांनी वाटून करायची, पण फाइली सगळ्यांच्या एकाच डिस्कवर. म्हणजे सामाईक विहीर! मोटर बिघडली की अख्खं शिवार कोरडं, आणि शिव्या मला!

*

एकदा ती डिस्कच अडकली. मी ओरडून सांगितलं, "कोणी फाइल उघडू नका! जो उघडेल त्याची स्क्रीन लटकेल!"

फिजिक्सचे डेहनकर सर म्हणाले, "काऊन लटकते?"

"लटकते म्हणजे लटकते, सर."

थोड्या वेळानं त्यांचा फोन. "अरे, खरंच लटकली ना! थांब, आता बाजूच्या कम्प्युटरवर पाहतो!"

*

मे महिन्यात एसी बंद पडला आणि एकेक नोड तापून मान टाकायला लागला. मी मेकॅनिकला फोन करून जेवायला गेलो. परत येतो तर मशिनींच्या कपाटाच्या, म्हणजे रॅकच्या, तोंडाशी कूलर! तुषार थेट मशिनींवर! मी झडप घालून बंद केला.

आमचे विभागप्रमुख भोयर सर दुखावले. "माझ्या केबिनमधला आणला न! माणसाले गरमी होते तं मशीनले नाई होत का?"

"सर, पाणी उडून राह्यलं त्याच्यावर!"

"मंग? वाळ्याचं आहे ते!"

*

एकदा डिस्क गच्च भरली. शोधलं तर भोयर सरांच्याच पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ!

"सर, हा डिलीट करा."

सरांचा आवाज जड झाला. "कसा करू? आमच्या मावशीचा शेवटचा डान्स आहे त्यात."

मी ओशाळलो. "मावशी कधी गेल्या, सर?"

"मावशी कायले जाते? गुडघे गेले!"

*

वैशाली सेलूचीच, आमच्याकडे पीएचडी करते. तिचं भूजलाचं गणित कित्येक आठवडे चालू होतं. संपत आलं आणि नेमकी डिस्क अडकली. सगळे म्हणाले, रीस्टार्ट मारा. मारला असता तर गणित पुन्हा पहिल्यापासून! वैशाली खुर्ची ओढून रॅकसमोरच बसली.

"बटणाले कोणी हात लावून तं पाहा! डिस्क परत आली का माझं काम आपोआप पुढं चालते."

मी रॅकच्या मागं शिरून डिस्कची केबल बदलायला घेतली. तेवढ्यात तिच्या बाबांचा फोन, स्पीकरवर.

"बाई, तुले पाहाले पाव्हणे येऊन बसले न! कुठं आहेस?"

"बाबा, मी रॅकले सोडून नाई येऊ शकत."

बाबांचा आवाज चढला, "हा रॅक कोन?"

अर्ध्या तासात बाबा पाव्हण्यांसकट हजर! त्यांनी आधी रॅकच्या मागं डोकावलं. मी सापडलो!

"मी नाही, काका!" मी केबल दाखवली.

मुलगा नागपूरला कम्प्युटरच्याच नोकरीत. स्क्रीन पाहून एवढंच म्हणाला, "रीस्टार्ट नका करू. वाट पाहू."

वैशालीनं पहिल्यांदा मान वर केली. मग बाजूचं स्टूल पायानं त्याच्याकडे सरकवलं. दोघं शेजारीशेजारी, नजर स्क्रीनवर. मागं माझ्या हातून केबल खटकन बसली. दिवे लुकलुकले, स्क्रीनवर आकडे धावायला लागले.

दारातून मुलाच्या आईनं विचारलं, "काय वं, जमलं का?"

"जमलं!" दोघं एकदमच ओरडली.

बाबा फोन कानाला लावून व्हरांड्यात पोचलेही होते. "अवं, पेढे आनून ठेव! दोघंही सोताच जमलं म्हनते!"