सुरमई झालेली बाई

मालवणात गळांच्या दुकानात एक गृहस्थ चालत्या होडीमागे गळ ओढत सुरमई धरायला रॉड आणि रीळ निवडत होते. ताण आल्यावर रीळ दोरी कशी सोडतं ते पाहायला त्यांनी दोरीचं टोक बायकोच्या हाती दिलं.

“तू सुरमई. ओढत जा.”

ती रस्ता ओलांडून गेली. रॉड वाकला, रीळ कुरकुरत दोरी सोडत राहिलं. शेजारी उभं राहून पाहताना माझ्या मनात आलं, माणूस साधन घेतो ओढायला आणि पारखतो मात्र ते सोडतं कसं. जे सोडतच नाही, त्याची दोरी तुटते.

“बस झालं. ये आता,” गृहस्थांनी हाक मारली.

पलीकडच्या शहाळेवाल्यापाशी ती थांबली होती.

“सुरमई हाकेने येते होय?” असं म्हणून तिने एक शहाळं फोडायला सांगितलं.

दोरी मात्र तिने सोडली नव्हती.