बटाट्यांची टोपली

आमच्या जाऊबाई वेताच्या टोपल्या विणतात. काठावरून बोट फिरवलं तर कुठे कुसळ लागायचं नाही, आणि टेबलावर ठेवली तर टोपली हलायची नाही. एकदा एका चोखंदळ गिऱ्हाइकाने आत पाणी ओतून बघितलं होतं. गळली अर्थातच, पण जरा विचार करून गळली. तीस वर्षं त्या विणतायत आणि तीस वर्षं थोरले दीर, म्हणजे त्यांचे यजमान, वेत भिजत घालतात, टेम्पो चालवतात आणि भेटेल त्याला सांगतात, "आमचा टोपल्यांचा धंदा आहे." मी धाकटी जाऊ. अर्धा स्टॉल टोपल्यांचा, अर्धा माझ्या बिस्किटांचा आणि जॅमच्या बरण्यांचा.

वर्षाला सात सांस्कृतिक महोत्सव. या गावात मांडायचं, आवरायचं, पुढच्या गावी पुन्हा मांडायचं. त्या सातांवर आमची दोन घरं चालतात. आणि यंदा समितीला अक्कल सुचली. प्रत्येक हस्तकलेच्या स्टॉलवर एक 'अस्सल कारागीर' हवा, त्याच्या छातीवर समितीचा बिल्ला हवा. बिल्ला नाही तर मैदानात पाऊल नाही.

तपासणी एका हॉलमध्ये होती. लांब टेबल, पलीकडे तीन परीक्षक. मधल्याच्या गळ्यात भर उकाड्यात मफलर, म्हणून मी त्याला मफलरवालाच म्हणते. त्याने जाऊबाईंची टोपली उचलली, टिचकी मारली, उलटी करून बूड पाहिलं.

"मावशी, ही मशीनची आहे."

"मशीन कुठली हो? हे हात बघा माझे."

"हात सगळ्यांनाच असतात. हातच्या कामात कुठेतरी चूक असते, त्यात जीव असतो. तुमच्या टोपलीत एक चूक नाही."

जाऊबाईंनी तिथल्या तिथे जमिनीवर बसकण मारली आणि वीस मिनिटांत त्याच्यासमोर बूड विणून दाखवलं. तो मान हलवत म्हणाला, "कुठेतरी कोर्स केलेला दिसतोय. आम्हाला परंपरा हवीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बोलायच्या आत त्याची नजर माझ्या जॅमच्या बरण्यांवर गेली. बरण्यांवर नाही, त्या ज्यात होत्या त्या टोपलीवर. इथे चूक माझी, कबूल करते. सकाळी निघताना घाईत बरण्या ठेवायला काही सापडेना, म्हणून ओट्याखालची बटाट्यांची टोपली रिकामी करून घेतली होती. ती दिरांनी केलेली. पाय मोडून दीड महिना घरी बसले होते तेव्हा विणलेली, आयुष्यातली एकुलती एक. एका अंगाला कललेली, काठ उंदराने कुरतडल्यासारखा. बटाटे तक्रार करत नाहीत म्हणून घरात टिकली.

"ही कुणी केली?"

दिरांनी भीत भीत बोट वर केलं. बिचाऱ्यांना वाटलं, आता ओरडा बसणार. तर त्या तिघांच्या डोळ्यांत पाणी! बिल्ला दिरांच्या शर्टावर लागला. जाऊबाईंची नोंद झाली, 'मदतनीस'.

मी तोंड उघडलं तसा जाऊबाईंनी मला चिमटा काढला. "गप्प बस. स्टॉल मिळाला ना?"

मिळाला. पुढे दीर बसायचे, बुटक्या स्टुलावर, मांडीवर एक अर्धवट टोपली घेऊन. तीच टोपली दोन महोत्सव पुरली. लोक फोटो काढायचे. तिसऱ्या दिवशी दिरांनी टोपी विकत घेतली. आठवड्याने "वेत माझ्याशी बोलतो" असं म्हणायला लागले. घरात त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं, वेत तरी बोलतोय म्हणायचं!

जाऊबाई मागे पडद्याआड. समितीचा माणूस सांगून गेला होता की माल बिल्ल्याशी जुळला पाहिजे. म्हणजे वाकडा. मला काय, करपलेला ट्रे मी 'जुन्या भट्टीची बिस्किटं' म्हणून केव्हाच खपवला होता, लाज वाटली नाही. पण जाऊबाईंना वाकडं जमेना. मुद्दाम एक घर चुकवायच्या, आणि चार घरं पुढे गेली की बोटं आपोआप मागे येऊन ते सुधारायची. एका दुपारी त्या हातातली टोपली बाजूला ठेवून रडल्या. "इतकी वर्षं फुकट गेली गं," म्हणाल्या. मीही रडले, आणि दिरांचा मला इतका राग आला की त्या दिवशी त्यांच्या चहात साखर घातली नाही.

तिसऱ्या महोत्सवात एक म्हाताऱ्या बाई आल्या. हातात मोठी, लांबट टोपली, एका बाजूचा काठ उसवलेला. "माझी तीन पोरं हिच्यात झोपली. आता नातवंड येतंय. इथूनच घेतली होती, ज्याने केली त्यालाच दुरुस्तीला द्यायचीय."

जाऊबाईंनी पडद्याआडून बघितलं आणि आपलं हरवलेलं पोर दिसावं तशा बाहेर आल्या. टोपली घेतली, ओला वेत घेतला, काठाला हात घातला. नेमका तेव्हाच मफलरवाला पाहुण्यांची फौज घेऊन हजर.

"मावशी, मदतनिसांनी कामाला हात लावायचा नाही. कारागिराकडे द्या."

जाऊबाईंनी टोपली नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. कॅमेरे पुढे सरसावले. दिरांनी टोपली फिरवली. काठावरून बोट नेलं, जिथे काठ तुटला होता तिथे थांबले. मग टोपी काढली.

"मला हे येत नाही," ते म्हणाले. "कधीच आलं नाही. हिचं आहे हे सगळं. बिल्लाही हिचाच." आणि खरोखर बिल्ला काढून पुढे धरला.

एकीकडे वाटलं, शाब्बास भाऊजी! दुसरीकडे वाटलं, गेला स्टॉल.

मफलरवाल्याने मफलरनेच डोळे पुसले. "ऐकलंत? खरा कलावंत असाच असतो! एवढं करून श्रेय बायकोला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिल्ला त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा दिरांच्या शर्टावर लावला आणि फौज पुढच्या स्टॉलकडे गेली.

दीर स्टुलावरून उठले. पाण्याचा टब घेऊन जाऊबाईंच्या पायाशी बसले, आणि एकेक ओली काडी त्यांच्या हातात देत राहिले, वर न बघता. अर्ध्या तासात काठ पुरा झाला. म्हाताऱ्या बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, मग दिरांच्या बिल्ल्याकडे बघितलं, मग जाऊबाईंकडे.

"छान तयार केलंय हो तुम्हाला यांनी," त्या कौतुकाने म्हणाल्या.

जाऊबाईंनी उरलेला वेत दातांनी तोडला. "हो ना," म्हणाल्या, "तीस वर्षं लागली त्यांना."