डॉक्टरांच्या कोटाचा खांदा

टेलरमास्तरांचं माप कधी अर्ध्या इंचानं चुकलं नाही, पण गांजाला त्यांनी मापच ठेवलं नव्हतं. बायको ओरडली की म्हणायचे, "अगं, त्यानं हात हलका चालतो." हलका कसला डोंबलाचा! मशीनची सुई दोनदा बोटात गेली होती.

मग गिऱ्हाइकं कपडे परत घेऊन यायला लागली. सगळ्यांचे खिसे शिवून बंद. मास्तर थंडपणे सांगायचे, "लोक खिशात यंत्रं ठेवून माझं बोलणं ऐकतात." रस्त्यावर कुणी खोकलं तरी यांना ती खूण वाटायची. सगळ्यात जास्त संशय बायकोवर, कारण तिचा ड्रेस अंगावर चोख बसलेला. "असं शिवणारा साधा माणूस नसतो. मागे टोळी आहे." अहो, तुम्हीच शिवलाय, हे सांगून सांगून बिचारीचा घसा बसला. तिच्या हातचं जेवणही बंद झालं. मास्तर नुसती उकडलेली अंडी खायचे, तीही स्वतः सोलून.

शेवटी तिच्या दिरानं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. कशाकडे लक्ष द्यायचं, हे ते सांगतं. गांजानं सगळ्यांचं असं होत नाही, पण काहींच्या डोक्यात त्याचा घोळ होतो. मग साधा खोकलाही आपल्यासाठीच आहे असं वाटतं. गांजा बंद, आणि गोळी रोज. नाही घेतली तर दाखल करावं लागेल."

मास्तरांचं लक्ष डॉक्टरांच्या कोटावर. एक खांदा वर, एक खाली, बाही तर भलत्याच माणसाची. "हा टोळीतला नाही," म्हणत त्यांनी गोळी मुकाट्यानं गिळली.

घरी मात्र बायकोनं गोळी पुढे केली की तोंड घट्ट मिटलेलं. त्यांना दाखल करू द्यायचं नव्हतं, आणि दिरानं डॉक्टरांच्या कोटाची गोष्ट तिला सांगितली होती. ती तडक बाजारात गेली आणि दुकानातला सगळ्यात बेंगरूळ ड्रेस मागितला. गळा वाकडा, एक बाही आखूड. दुकानदारानं दुसरा काढला तर म्हणाली, "नको, तो बरा दिसतोय."

तो घालून ती गोळी घेऊन उभी राहिली. मास्तरांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कपाळाला आठी पडली. त्यांनी गोळी पाण्याबरोबर घेतली.

"हे घालून बाहेर जाऊ नकोस," ते म्हणाले. "लोक म्हणतील, नवरा शिंपी आणि बायकोची ही दशा."

स्वतःला तिचा 'नवरा' म्हणाले. ती स्वयंपाकघरात गेली आणि त्या आखूड बाहीनं डोळे पुसत राहिली.