नागम्माक्काची जनावरं

जळकोटच्या शंभुलिंगला रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी गाव त्याला पोस्टमनच म्हणतो. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि थोरली बहीण नागम्मा तेरा वर्षांची. तिनंच त्याला वाढवलं. पुढं तिचं लग्न झालं, चार वर्षांत नवरा वारला आणि ती परत आली ती कायमचीच.

लहानपणी शंभुलिंग जेवायला लई रडवायचा. मग अक्का अर्धी कानडी, अर्धी मराठी अशी गोष्ट सांगायची. गोष्टीत हत्तीच्या सोंडेचा सिंह असायचा, दोन डोक्यांचा पक्षी असायचा, बाईच्या तोंडाची गाय असायची. प्रत्येकाला तिनं स्वतःच्या मनानं नाव ठेवलेलं. शेजारची महादेवीही आपलं ताट घेऊन ऐकायला येऊन बसायची.

गेल्या श्रावणात अक्काला अर्धांगाचा झटका आला. पाय थोडा सावरला, पण वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून मात्र ‘बा, बा’ एवढंच निघायचं. सोलापूरच्या दवाखान्यातल्या मॅडमनी चित्रांची कार्डं दिली. आंबा, गाय, कप. रोज दाखवायची आणि नाव म्हणून घ्यायचं. चौथ्या दिवशी अक्कानं ती कार्डं अंगणात भिरकावली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

“पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला आंबा काय विचारायचा?” शंभुलिंग बायकोला म्हणाला. “लाज वाटतीय तिला.”

महानंदानं अंगणातली कार्डं गोळा करून आणली. दुसऱ्या दिवशी तो नळदुर्गला पुस्तकांच्या प्रदर्शनात गेला.

“जगात नसलेल्या जनावरांचं चित्रांचं पुस्तक पाहिजे. भेट द्यायचंय.”

“वय काय, काका?” टेबलामागच्या पोरीनं विचारलं.

“पंच्याहत्तर.”

पोरगी हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिनं तीन पुस्तकं काढून ठेवली. पहिल्यातली जनावरं गोंडस होती, गालावर लाली असलेली. ते त्यानं लगेच बाजूला सारलं. दुसऱ्यात सगळे आग ओकणारे परदेशी ड्रॅगन. तिसऱ्यात मात्र जुन्या देवळांच्या खांबांवर असतात तसली जनावरं होती, पानभर एक. त्यानं उभ्याउभ्या सगळी पानं चाळली.

“हेच दे. ह्यांचे डोळे बरोबर हायेत.”

अक्का पुस्तक बघून उठून बसली. चांगल्या हातानं एकेक पान उलटायला लागली. मधेच घशातून गुरगुरली आणि खुदकन हसली. महिनाभरात पहिल्यांदा.

“गंडभेरुंड,” शंभुलिंगनं दोन डोक्यांच्या पक्ष्याखालचं नाव वाचलं.

अक्कानं मान हलवली. न्हाय.

“शरभ,” त्यानं पुढच्या पानावरच्या सिंहासारख्या जनावराखालचं वाचलं.

न्हाय. ती चित्रावर बोट आपटायला लागली. “बा! बा!”

“मग तू काय म्हणायचीस ह्याला? अक्का, काय म्हणायचीस?”

त्यानं सुचतील तेवढी नावं घेतली. कानडीतली घेतली, मराठीतली घेतली. अक्का त्याच्या ओठांकडं बघत राहिली आणि शेवटी तिचे डोळे भरून आले. ती नावं त्यानं घासाघासाला ऐकली होती. आता एकही आठवेना.

सात दिवस हेच चाललं. आठव्या दिवशी सकाळी दुसरा झटका आला आणि दुपारच्या आत अक्का गेली.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन महादेवीकडं गेला. म्हातारीनं चित्रं डोळ्यांजवळ धरून बघितली.

“गोष्टी आठवतेत रं,” ती म्हणाली. “नावं न्हाईत. नागम्माला ठावं हायेत म्हणून कुणी ध्यानात ठिवलीच न्हाईत.”

महानंदा म्हणते, पुस्तक अंगणवाडीत द्या. तो व्हय म्हणतो आणि दुपारी परत उघडून बसतो. कधीकधी एखादं नाव जिभेवर आल्यासारखं होतं. तो ओठ हलवून बघतो, मान हलवतो आणि पान उलटतो.