तीनदा बदललेला जबाब

नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता माझ्या मनात एकमेकांत मिसळतात. भाईंदर पूर्वेच्या एका पाळणाघरातून चार वर्षांची मुलगी नेली गेली, त्या शनिवारचा मात्र प्रत्येक तास मला लख्ख आठवतो. त्या दिवशी मी एक चूक केली होती आणि ती सुधारायला माझ्या हाती फार वेळ नव्हता.

पाळणाघर केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर होतं. मुलीची आई एका दवाखान्यात नोकरीला. दुपारी अडीच वाजता ती न्यायला आली, तर मुलगी नाही. मदतनीस म्हणाली, "तुमच्याकडून बाई आली होती, तिच्याबरोबर दिली." आईने कुणालाच पाठवलं नव्हतं. अल्पवयीन मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा ताबडतोब दाखल करायचा असतो. तो केला. गस्तीवरचे बीट मार्शल रिक्षा स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर पाठवले. इमारतीच्या कॅमेऱ्यात फक्त पार्किंग दिसत होतं. म्हणजे मुलीला नेणारीला पाहिलेली एकच व्यक्ती होती, ती मदतनीस. वय बावीस.

पहिल्या जबाबात तिने बाई साडीत होती असं सांगितलं, दुसऱ्यात पंजाबी ड्रेसमध्ये. वेळ आधी बारा, मग दीड. तेवढ्यात पोलीस ठाण्यात निनावी फोन आला: तीच मदतनीस दोन दिवसांपूर्वी गेटवर एका अनोळखी बाईशी बराच वेळ बोलत होती. विचारलं तर आधी नाही म्हणाली, नंतर हो. तिसऱ्यांदा जबाब बदलला, तेव्हा माझे उपनिरीक्षक म्हणाले, "सर, ही सामील आहे."

मलाही तेच वाटलं. साक्षीदार बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा नियम मला पाठ होता. तरी घाईत आम्ही तिला ठाण्यात आणलं होतं. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ती दोन्ही हात मागे बांधून ताठ उभी राहिली आणि एवढंच म्हणत राहिली, "साहेब, आठवत नाही." पंचवीस वर्षांत हे वाक्य मी शेकडो लोकांकडून ऐकलं होतं.

आमच्या महिला हवालदार उत्तनच्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"साहेब, ती लपवत नाय. तुमचा आवाज वर गेला की ती ऐकायचंच बंद करते. बघा तुम्ही, कशी उभी आहे. शाळेत मार खाणारी पोरं अशी उभी राहतात."

मला ते रुचलं नाही, पण त्या मदतनीस तरुणीच्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. ती कपड्यांच्या दुकानात काम करायची. तिने सांगितलं त्याचा सारांश असा. आई लवकर गेली. वडील रोज संध्याकाळी दोघींना भिंतीशी उभं करून पाढे विचारायचे आणि चुकलं की पट्ट्याने मारायचे. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. नऊ वर्षांची झाल्यावर मावशीने त्यांना भाईंदरला आणलं. मार थांबला, पण धाकटी दहावीला दोनदा नापास झाली. घरी सगळं येतं, पेपर हातात घेतला की कोरी. पाळणाघरातही मालकीणबाई रागावून एखादी गोष्ट सांगतात, ती तिच्या डोक्यात राहतच नाही. मूल न्यायला नवीन माणूस आलं तर आधी आईला फोन लावायचा, हा नियमसुद्धा तिला असाच रागावून सांगितला होता.

"पण साहेब, तीस मुलांचे डबे, चपला, कोण कुठल्या कुशीवर झोपतं, सगळं तिला माहितीये," बहीण म्हणाली. "काम करताना विचारा. उभं करून विचारू नका."

साडेचार वाजले होते. मुलगी शहराबाहेर गेली तर शोध कित्येक पटींनी अवघड होणार होता. उपनिरीक्षकांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता. मी मात्र ठरवलं. तिला पाळणाघरात परत नेलं. बरोबर फक्त बहीण आणि हवालदार. मी जिन्यात, तिला दिसणार नाही असा थांबलो. हवालदारांनी प्रश्न विचारला नाही. चटया घालायला मदत करते, म्हणाल्या.

दोघी चटया घालू लागल्या. चौथ्या की पाचव्या चटईला ती थांबली.

"ही तिची जागा. झोपली नव्हती ती. बूट घालून बसली होती, उलटे. बाई खाली बसली, तिने बूट काढून नीट घातले. हिने स्वतःहून पाय पुढे केला."

"म्हणजे ओळखत होती?" हवालदारांनी चटई सरळ करत विचारलं.

"हो ना. माईआजी म्हणाली तिला. बाईच्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग होता. मला वाटलं घरचीच आहे. परवा गेटवर पण तीच होती. ही जेवते का नीट, विचारत होती."

मी जिन्यातूनच आईला फोन लावला. माईआजी म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंत मुलीला घरी सांभाळणारी बाई. मूल तिलाच आई समजायला लागलं, म्हणून तिला कामावरून काढलं होतं. ती गावी गेली अशी सगळ्यांची समजूत. तिचा जुना नंबर चालू निघाला, लोकेशन काशीगावचं. एक पथक शहराबाहेर पडायच्या रस्त्यावर, वरसाव्याच्या नाक्यावर उभं केलं, दुसरं घेऊन मी गेलो. चाळीतल्या खोलीत मुलगी वरणभात खात होती. दाराशी भरलेली बॅग. बाईने विरोध केला नाही. एवढंच म्हणाली, "जेवण होऊ द्या तिचं." आम्ही होऊ दिलं. अंधार पडायच्या आत मुलगी आईच्या कडेवर होती.

मदतनीस तरुणीला आरोपी करावं असा आग्रह काही जणांनी धरला. मी नकार दिला आणि तिला साक्षीदार केलं. न्यायाधीशांसमोरचा तिचा जबाब बसून, शांतपणे घेतला जावा यासाठी रीतसर अर्ज दिला. तो जबाब टिकला.

नंतर मी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांना हे विचारलं. ते म्हणाले, लहानपणी दीर्घकाळ भीतीत वाढलेल्या काही जणांचं शरीर मोठेपणीही मार चुकवायच्या तयारीत असतं. समोरचा ओरडला की सगळं लक्ष त्या धोक्याकडे जातं. शिकलेलं, पाहिलेलं आत असतं, पण त्या क्षणी हाती लागत नाही. विसरणारा प्रत्येक जण असा नसतो, हेही त्यांनी बजावलं. लबाड माणसं मीही पुष्कळ पाहिली आहेत.

तरी त्यानंतर माझ्या ठाण्यात टेबलावर हात आपटून कुणाचा जबाब घेतला गेला नाही. नवे उपनिरीक्षक आले की मी त्यांना आधी बसायला आणि समोरच्याला बसवायला शिकवत असे.

त्याआधीच्या पंचवीस वर्षांत "आठवत नाही" म्हणणाऱ्या माणसांपुढे मी एकच शेरा लिहीत आलो: उडवाउडवीची उत्तरे देतो. त्यातली किती माणसं खरं बोलत होती, हे मला आता कधीच कळणार नाही.