कासऱ्याचं टोक

आमच्या घरात फिरायला जाणं म्हणजे दिग्रसचा बाजार; त्यापुढं कधी पैसाच पुरला नाही. मी घरातला पहिला बी.ए., पण समुद्र मीही पुस्तकातच पाहिलेला. एका संस्थेनं मजुरांच्या कुटुंबांना एक दिवस फुकट समुद्रावर नेलं, तेव्हा मायबापासोबत मीही गेलो.

आमच्या गाडीत एक बाई दोन लहान पोरं घेऊन आली होती. किनाऱ्यावर उतरताच तिनं पिशवीतून बैलाचा कासरा काढला, स्वतःच्या आणि पोरांच्या कमरेला बांधला आणि एकेक गाठ दातांनी ओढून पाहिली.

"काहो बाई, बैल चारायले आणले काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"बैल सुटला तं सापडते, भाऊ. सासू म्हणते, पोरं बुडली तं घरी येऊ नोको. पण पोराइले पाण्यात नेल्याबिगर मी जात नाई."

कासऱ्याचं मोकळं टोक तिनं माझ्या हातात दिलं. "धरा दादा. सोडू नोका."

ती आत शिरली. कासरा ताणला, तसा मलाही पुढं जावं लागलं. पोरं लाटेत खिदळत होती. तिची नजर गाठींवर होती.

परतताना कासरा खिडकीला वाळत होता. दोन्ही पोरं समुद्रात भिजून सुखरूप घरी चालली होती, आणि आमच्या घरातून समुद्रात उतरलेला पहिला माणूसही मीच होतो.